घास मोजणं थांबवा

दीड वर्षाचं मूल ओठ घट्ट मिटून मान फिरवतं, तेव्हा ते सांगत असतं की पोट भरलं. बोलता येत नसताना यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार? आपण काय करतो? समोर मोबाइल धरतो. गाणं लागलं की मूल त्यात हरवतं, तोंड आपोआप उघडतं आणि वरणभाताचा घास अंगठ्याने आत ढकलला जातो. वाटी रिकामी झाली की घर सुटकेचा श्वास सोडतं. मुलाने काय खाल्लं, किती खाल्लं, हे त्याला स्वतःला कळलेलं नसतं.

‘पहिला वाढदिवस झाला आणि याचं खाणंच कमी झालं,’ ही तक्रार घरोघरी असते. हिशोब साधा आहे. तीन किलोचं जन्मलेलं बाळ वर्षाचं होईतो साधारण तिप्पट होतं. पुढच्या अख्ख्या वर्षात मात्र दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावली, तशी भूकही. वजनाचा आलेख घसरत असेल, मूल मलूल असेल, तर डॉक्टर गाठा. खेळतंय, बागडतंय, तर त्याच्या भुकेवर विश्वास ठेवा.

अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कामाची सरळ वाटणी सांगितली आहे. काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आपल्या घरात नेमकं उलटं चालतं. ‘काय खाशील? नूडल्स करू?’ म्हणून मेनू मुलाच्या हाती द्यायचा आणि मग किती घास ते आपण मोजत बसायचं.

‘शेपू संपव, मग आइस्क्रीम’ हे तर सर्रास. यातून मूल एवढंच शिकतं की शेपू ही शिक्षा आणि आइस्क्रीम हे बक्षीस. नवी चव अंगवळणी पडायला दहा-पंधरा वेळाही लागू शकतात. चमचाभर भाजी ताटात राहू दे, तिच्यावर भाषण नको. अन्न टाकू नये, हे शंभर टक्के मान्य. मग वाढतानाच कमी वाढा. लागलं तर मूल मागून घेईल.

ज्यांच्या ताटात मुळातच कमी पडतं, त्यांना यातलं काहीही सांगायचा मला अधिकार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. आणि याच राज्याने जानेवारी २०२५ मध्ये शालेय पोषण आहारातल्या अंड्यांचा निधी थांबवला, लोकवर्गणीतून बघा म्हणून सांगितलं. शाळेतल्या मुलाचं अंडं वर्गणीवर सोडणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

भरल्या घरांतला दुसरा छळ जिभेचा. लहानपणी ‘खा रे, किती वाळलास’ म्हणणारी माणसंच दहा-अकरा वर्षांच्या मुलीला ‘केवढी सुटलीस गं’ म्हणतात. वयात येताना मुलींच्या अंगात चरबी वाढते, ती वाढायलाच हवी. अनेकींचं आधी अंग भरतं, मग उंची सुटते. नेमक्या त्या नाजूक वर्षांत लग्नाच्या पंगतीत कुणीतरी चारचौघांत बोलतं. मुलगी पुढ्यातली पुरी मोडत बसते, श्रीखंडाची वाटी बाजूला सारते, ‘भूक नाही’ म्हणते. भूक असते. पुढे ती एकटीने, लपूनछपून भागवली जाते, आणि खाणं म्हणजे गुन्हा हे मनात पक्कं होतं. मुलगेही सुटत नाहीत. ‘काडी पैलवान’ ऐकत मोठं झालेला मुलगा सोळाव्या वर्षी पावडरचे डबे शोधू लागतो. आणि आईने रोज आरशासमोर उभं राहून स्वतःच्या पोटाला नावं ठेवली, तर तेही मुलांच्या कानावर पडतंच.

मुलांसमोर कुणाच्याही अंगावर बोलायचं नाही, स्वतःच्यासुद्धा, हा नियम घरात आजपासून लावता येतो. बाहेरच्यांसाठी थोडं धाडस लागेल. कार्यात मावशीने सुरुवात केली की मुलीच्या देखतच, नीट पण ठामपणे म्हणा, ‘मावशी, तिच्या अंगाबद्दल नको ना बोलूस. यंदा चित्रकलेच्या परीक्षेला बसलीये ती, चित्रं काय काढली ते विचार.’