तीस मिली पाणी

१७९५ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी खर्ड्याच्या किल्ल्यात निजामाची कोंडी केली, तेव्हा त्याला पाणी फार महाग पडलं. खर्ड्यात आजही महाग पाणी मिळतं. ते तीस मिलीच्या बाटलीत, ड्रॉपरसकट येतं आणि त्याला सीरम म्हणतात. घटकांची यादी उतरत्या प्रमाणात छापावी लागते, आणि तिच्यात पहिला मान बहुतेकदा पाण्याचाच. टँकरची सवय असलेल्या इथल्या जामखेड तालुक्याला हा हिशेब कुणी समजावून सांगावा?

पाण्यामागोमाग बऱ्याचदा ग्लिसरीन. त्वचेत ओलावा धरून ठेवण्याचं बरंचसं काम हेच करतं, पण मेडिकलात स्वस्तात मिळतं म्हणून बाटलीच्या दर्शनी भागावर त्याला जागा नाही. तिथे हायलुरोनिक अ‍ॅसिड मिरवतं. कामही जवळपास तेच. आमच्या कोरड्या हवेत वरून क्रीम थापलं नाही, तर धरलेला ओलावा उडूनही जातो. नायसिनमाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, डाग खरोखर फिके करतं. सॅलिसिलिक अ‍ॅसिड बुजलेली छिद्रं मोकळी करतं. त्यांच्याशी आपलं भांडण नाही.

एक टक्क्यापर्यंतच्या घटकांना मात्र क्रमाचं बंधन नसतं. केशर, चंदन, मोती अशी मंडळी तिथे फ्लेक्सवरच्या शुभेच्छुकांसारखी दाटीवाटीनं उभी असतात.

भर उन्हात कांदा काढणाऱ्या बाईला खरा उपयोग सनस्क्रीनमधल्या झिंक ऑक्साइडचा. जाहिरातीत ते लावून बसलेली बाई एसी गाडीत असते.