नॉर्वेने एकदा कोसबाडला यावं

नॉर्वेची मला मनापासून काळजी वाटते. लोकसंख्या जेमतेम 55 लाख, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहूनही कमी, आणि उधळपट्टी बघा! जीडीपी शंभर रुपये धरला, तर शाळेत जायच्या आधीच्या पोरांवर हे लोक दीड रुपयाहून जास्त घालवतात. आपल्या केंद्र सरकारने 2025-26 मध्ये 'सक्षम अंगणवाडी आणि पोषण 2.0'साठी 21,960 कोटी ठेवले. त्याच हिशोबाने हे झाले सहा पैसे. राज्यांचा वाटा मिळवला तरी रुपयाचं तोंड दिसत नाही. बरं, या सहा पैशांत नुसती पोरं नाहीत, गरोदर आणि स्तनदा माताही जेवतात. काटकसर म्हणतात ती ही.

नॉर्वेत बालवाडीला 'बार्नेहागे' म्हणतात. तिथे तीन वर्षांखालच्या दर तीन मुलांमागे एक माणूस ठेवावा लागतो, त्याहून मोठ्या दर सहा मुलांमागे एक. म्हणजे मुलं सांभाळायची की माणसं? आमच्या अंगणवाडीच्या सेविकाबाई एकट्या पोरं सांभाळतात, वजनं करतात, गृहभेटी देतात, लसीकरणाच्या दिवशी पोरं गोळा करतात, निवडणूक आली की मतदार याद्याही धरतात. मदतीला एक मदतनीस असते, ती खिचडी शिजवते. वर मोबाईलवर 'पोषण ट्रॅकर' भरायचा. 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी ते सरकारी मोबाईल परत केले. फोन अडकतो, रॅम पुरत नाही, अशा तक्रारी. पोरांची वाढ खुंटली तर नोंद कशात करायची, यासाठीच तर फोन दिला होता. त्याचीच वाढ खुंटलेली निघाली, याला सरकार काय करणार?

अंगणवाडीतल्या आहाराचंच घ्या. 2017 साली दर ठरला: मुलामागे दिवसाला आठ रुपये. त्यात 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं बसवायची. पुढे डाळ वाढली, तेल वाढलं, सिलिंडर वाढला. दर मात्र कित्येक वर्षं जागचा हलला नाही. आठ रुपयांत एक अंडं येतं. उकडायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

फीमध्येही तिकडे सरकारची लुडबुड आहेच. ऑगस्ट 2025 पासून पालकांकडून महिन्याला 1,200 क्रोनरहून जास्त घेता येत नाहीत, म्हणजे दहा हजार रुपयांच्या आसपास. तेही तिथल्या पगारात. उरलेला भार नगरपालिकेचा, बार्नेहागे खाजगी असली तरीही. आपल्याकडे ज्याला परवडतं तो पालक अडीच वर्षांच्या पोराच्या प्ले-ग्रुपसाठी स्वखुशीने कर्ज काढतो, आणि ज्याला परवडत नाही त्याला अंगणवाडी आहेच. निवडीचं एवढं स्वातंत्र्य ऑस्लोत कुठे?

एका बाबतीत मात्र दोन्ही देश सारखे. नॉर्वेजियन पोरं पावसात, बर्फात तासन्‌तास बाहेर खेळतात. त्याला ते शिक्षण म्हणतात. आमचीही कित्येक पोरं बाहेरच असतात, कारण अंगणवाडी भरते त्या समाजमंदिरात लग्न असतं.

गंमत अशी की अंगण हीच शाळा, हे आपल्याला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी केव्हाच दाखवून दिलं होतं. पालघरकडच्या बोर्डीत आणि मग कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांना सोबत घेऊन, आदिवासी पाड्यांत पोरांच्या दारात जाऊन. आपण त्यांचं अंगण तेवढं घेतलं. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण दिलं, म्हणजे तोही खर्च एकदाच झाला.

नॉर्वेला शेवटी कायद्यानेच बुडवलं. 2009 पासून वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला बालवाडीत जागा मिळणं हा त्याचा हक्क आहे. आपण 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीत जास्त शहाणपण दाखवलं. सहा ते चौदा वर्षांच्यांना मूलभूत हक्क, आणि सहाच्या आतल्यांसाठी राज्य 'प्रयत्न' करील. प्रयत्न झाला नाही असं वाटलं तर पोराने खुशाल तक्रार अर्ज करावा. फक्त त्यासाठी आधी त्याला लिहिता यायला हवं.