उपसर्गाचा उपसर्ग

‘शब्दाला अन, इन किंवा डिस लावा, अर्थ उलटा होतो’ हा इंग्रजी व्याकरणातला सर्वांत साळसूद नियम. हॅपीचं अनहॅपी, करेक्टचं इनकरेक्ट, ऑनेस्टचं डिसऑनेस्ट इथवर तो अगदी शहाण्या बाळासारखा वागतो. पण सहावीतल्या मुलाच्या हाती तो देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. माझा भाचा हे कोलीत घेऊन सध्या गावभर हिंडतोय.

परवा खंबाटकीच्या घाटात आमच्या पुढे पेट्रोलचा टँकर धापा टाकत होता. पाठीवर लालभडक अक्षरांत ‘हायली इन्फ्लेमेबल’.

“मामा, घे की जवळ! घाबरतोस काय? फ्लेमेबल म्हणजे पेटणारा. इन लागला म्हणजे न पेटणारा. आणि हायली, म्हणजे अजिबातच नाही!”

तर्क बिनतोड होता, म्हणून मी गाडी आणखी मागे घेतली. हा ‘इन’ लॅटिनमधला ‘आत’ अशा अर्थाचा. ‘नाही’वाल्या इनशी त्याचं फक्त नाव जुळतं. या नामसाधर्म्यापायी कुणी काडी ओढू नये म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकात नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहा असा आग्रह धरला. म्हणजे ‘इन’ असला तरी पेटतं आणि नसला तरी पेटतं. उपसर्गाने नुसतंच भाडं खाल्लं.

मग भाच्याला चेवच आला. शाळेतल्या शिपाईमामांच्या निरोप समारंभात मुख्याध्यापक त्यांच्या सेवेला ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणाले, तेव्हा एवढ्या लोकांसमोर असं बोलावं का, म्हणून हा हळहळला. घरात भिंतींना डिस्टेंपर लावलाय, तरी आईचा टेंपर कसा जात नाही, असंही त्याने विचारलं. उत्तर आईनेच दिलं. ते छापण्यासारखं नाही.

डिसग्रंटल्डचा अर्थ ‘नाराज’ हे कळल्यावर तो दोन दिवस सगळ्यांना “आज तू ग्रंटल्ड आहेस का?” असं विचारत होता. यात तो एकटा नाही. ग्रंटल म्हणजे मुळात गुरगुरणं, आणि इथला डिस त्या गुरगुरण्याला जोर आणणारा. पण विनोदी लेखक वुडहाउसने १९३८च्या ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’मध्ये डिसग्रंटल्डचा डिस छाटून ‘ग्रंटल्ड’ला चक्क खुशीत आणलं आणि गुरगुरणारा प्राणी कायमचा हसतमुख झाला.

गंमत म्हणजे, पोरगं जिथे निव्वळ फेकतं तिथे नेमका नेम लागतो. “अपॉइंटमेंट गेली की माणूस डिसअपॉइंट होतो,” असं त्याने ठोकून दिलं. मी कोश उघडला, तर त्या शब्दाचा जुना अर्थ खरंच ‘पदावरून काढणं’ असा निघाला! नेमणुकीच्या पत्राची वाट पाहणाऱ्या एमपीएससीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

“इंग्रजांचं सगळंच उफराटं,” आजी पोथी मिटत म्हणाली. “आपलं बघ कसं सरळ. सुर म्हणजे देव, अ लावला की असुर. झाला राक्षस.”

इथे मला राहवलं नाही. “आजी, आपलंही तसंच आहे गं. ऋग्वेदात वरुणालासुद्धा असुर म्हटलंय, आणि तेही मानाने. सुर हा शब्द तिथे नाहीच. पुढे असुर वाईट ठरले. मग कुणाला तरी वाटलं, हा पहिला अ नकाराचा असणार. तो सोलला, आतून सुर निघाले, ते देवांना देऊन टाकले. विद्वानच म्हणतात तसं.”

“म्हणजे आपले देव पण ग्रंटल्ड?” भाचा उडालाच.

आजीने आम्हा दोघांकडे चष्म्यावरून पाहिलं. “शब्द कुठून का सोलून काढेनात. त्यांना नैवेद्य दाखवल्याशिवाय तुम्हा दोन असुरांना पान वाढणार नाही.”