घरातली चौथी सीट

डोंबिवलीकराचं घर डोंबिवलीत असतं, असं रेशनकार्डावर लिहिलेलं असतं. त्यावर फार विसंबू नये. डोंबिवलीत तो झोपतो. राहतो मध्य रेल्वेत. सकाळची आठ-नऊची फास्ट, संध्याकाळी सीएसएमटीहून हाताला लागेल ती गाडी, आणि या दोहोंच्या मध्ये ऑफिस नावाचा एक लांबलेला हॉल्ट. मुंबईच्या लोकलने रोज पाऊण कोटीच्या आसपास माणसं जायची. त्यांत मी सोमवार ते शनिवार मोजली जायचे. घरच्या चौघांत मोजली जायचे ती रविवारी, तेही मेगाब्लॉक असला तर.

म्हणूनच करोनामुळे २२ मार्च २०२० च्या रविवारी जनता कर्फ्यू लागला तेव्हा आमच्याकडे फारसं कुणी दचकलं नाही. रविवारी गाड्यांचा गोंधळ, यात नवीन ते काय? संध्याकाळी पाचला सगळ्या बिल्डिंगने गॅलऱ्यांत उभं राहून ताटं बडवली. समोरच्या घरातून लग्नातली पितळी परात बाहेर आली, तिला पोचा पडला, आणि तो कुणाच्या उलथन्याने पडला हा वाद त्या घरात पहिली लाट ओसरेपर्यंत चालला. त्याच रात्रीपासून लोकल थांबली. आधी सांगितलं ३१ मार्चपर्यंत. ‘प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे ज्यांनी अंगाईगीतापेक्षा जास्त वेळा ऐकलंय ते आठवडाभराच्या गैरसोयीला काय घाबरणार? मी पर्समधल्या पासाचे किती दिवस बुडतील याचा हिशोब केला आणि झोपले.

२४ तारखेला रात्री आठ वाजता लॉकडाऊनचा २१ दिवसांचा आकडा आला. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा.

पाडव्याच्या बाबतीत डोंबिवली जरा हळवी आहे. नववर्ष स्वागतयात्रा १९९९ साली आमच्या गणेश मंदिराने सुरू केली आणि मग ती गावोगाव गेली, हे डोंबिवलीकर पाहुण्याला चहाच्या आधी सांगतो. त्या वर्षी यात्रा रद्द. माझी इस्त्री केलेली नऊवारी कपाटात, नथ डबीत. गुढीला साखरेची गाठी नाही, झेंडू नाही, कडुलिंबासाठी खाली उतरावं तर नाक्यावर पोलीस. सासूबाईंनी खडीसाखरेची पुडी दोऱ्याने बांधून गुढीच्या तांब्याखाली लटकावली. मुलगा म्हणाला, “आजी, गुढीने मास्क लावलाय.”

आमचं घर साडेचारशे फुटांचं. इतकी वर्षं ते पुरत होतं, कारण आम्ही चौघं त्यात एका वेळी जागे कधीच नव्हतो. आता सगळे जागे आणि सगळे आत. पहिल्या आठवड्यातच घराची गाडी झाली. हॉलच्या खिडकीशी मोबाइलची रेंज सगळ्यात चांगली, म्हणून ती विंडो. सोफा तिघांचा, चौथ्याने कडेला अर्धं टेकायचं, ती चौथी सीट. नवरा ऐरोलीच्या आयटी कंपनीत, कंपनीच्या बसने जाणारा. लोकलचे नियम त्याला कुणी शिकवले नव्हते. तरी पहाटे उठून खिडकीतल्या खुर्चीवर रुमाल टाकून पुन्हा झोपायला जायचं त्याला आपोआप सुचलं. मुलगा त्याच्या वरताण. तो रात्रीच खिडकीत अंथरूण घालायचा. याला आमच्यात रिटर्न मारणं म्हणतात. डोंबिवलीला बसायला मिळत नाही म्हणून आधी उलट्या गाडीने कल्याणला जायचं आणि तिथून बसून यायचं. ज्या पोराला मी कधी लोकलमध्ये एकट्याने चढू दिलं नाही, त्याच्या रक्तात हे कुठून आलं, देव जाणे.

आणि मी, घरातली एकमेव अनुभवी प्रवासी, चौथ्या सीटवर. मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपमध्ये मार्चएंड. मी फोर्टातल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. सरकारने रिटर्न भरायची तारीख ३० जूनपर्यंत पुढे ढकलली होती. आमच्या साहेबांनी काहीच पुढे ढकललं नव्हतं. त्यातून २८ मार्चला दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा सुरू झालं. सकाळी नऊला एकदा, रात्री नऊला एकदा. टीव्ही हॉलमध्ये, सासूबाई टीव्हीसमोर, आवाज त्यांच्या कानांच्या मापाचा. एकदा ऑडिटर ताळेबंदातल्या एका फरकाबद्दल विचारत होते आणि माझ्या मागे रावण हसला. हसतंय कोण, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. पलीकडे जरा शांतता, मग आवाज आला, “आमच्याकडेही लागलंय, पण दोन सेकंद मागे आहे.”

मुलाची दहावी त्याच मार्चमधली. भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता, तो आधी पुढे ढकलला आणि नंतर रद्दच केला. बाकीच्या विषयांची सरासरी काढून गुण दिले. भूगोल त्याने शेवटी वाचायचा म्हणून ठेवला होता, तो ठेवलेलाच राहिला. नवऱ्याला याचा फार त्रास झाला. पुढे वर्षभर पोराने काही विचारलं की तो म्हणायचा, “तुला काय सांगायचं, तू बिनभूगोलाचा.”

सासूबाईंना मात्र आमच्या कण्हण्याकुथण्याची गंमत वाटे. “बाहेर पडायचं नाही, एवढंच ना?” त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. त्यांचं लग्न मे १९७४ मधलं, जॉर्ज फर्नांडिसांच्या रेल्वे संपातलं. वऱ्हाड ट्रकमधून आलं होतं. “तो संप वीस दिवसांनी मिटला,” त्या म्हणाल्या, “गाड्या सुरू झाल्या. माझी नाही झाली.” यावर काय बोलणार? मी उठून भांडी घासली.

नवऱ्याने या काळात स्वयंपाकघर हाती घेतलं. म्हणजे स्वयंपाक नव्हे, व्यवस्थापन. कुठल्या डब्यात काय आहे हे घरातल्या एकाच व्यक्तीला माहीत असणं धोक्याचं आहे, असं त्याच्या कंपनीत शिकवतात. त्याने सगळ्या डब्यांना नंबर चिकटवले, एक्सेलमध्ये यादी केली आणि ती फ्रिजवर लावली. बेसन एक, रवा दोन, मोहरी सतरा. यादी दिसायला फार सुंदर होती. सासूबाई नंबर वाचत नाहीत. त्या डबा हलवून आवाज ऐकतात आणि रिकामा दिसेल त्यात जे हाताशी असेल ते भरतात. यादी आणि डबे यांची फारकत त्याच आठवड्यात झाली. नवरा यादी सुधारत राहिला, डबे नाही.

मला नेमकं काय चुकल्यासारखं वाटत होतं ते पहिले काही दिवस कळेना. ऑफिस तर घरात आलं होतं. मग लक्षात आलं, मला गाडी हवी होती. “एवढी गर्दी, घाम, धक्के, त्याची कसली आठवण काढतेस?” असं नवरा म्हणाला. त्याला कसं सांगणार की त्या सव्वा तासात मला कुणी ‘आई’, ‘अगं’ किंवा ‘मॅडम’ म्हणत नाही? तेव्हा आमची फास्ट पारसिकच्या बोगद्यातून जायची, तिथे मोबाइलची रेंज जायची, ती दोनेक मिनिटं तर माझी स्वतःची मालमत्ता. घरी असा बोगदा नव्हता. बाथरूमला होता, पण त्यालाही रांग.

आमचा लेडीज डब्यातला ग्रुप जुना. वर्षानुवर्षं एकत्र भाज्या निवडल्या, नवरात्रात एका रंगाच्या साड्या नेसलो, संक्रांतीला हळदीकुंकू केलं, चालत्या गाडीत एकीचं डोहाळजेवणसुद्धा. आडनावं मात्र कुणाची माहीत नाहीत. एक अंबरनाथ, एक टिटवाळा, दोन कल्याण, मी डोंबिवली. एप्रिलच्या सुरुवातीला टिटवाळ्याने व्हॉट्सअॅपवर टाकलं, ‘उद्या आठ-नऊला सगळ्यांनी या.’ दुसऱ्या दिवशी बरोबर त्या वेळेला मी फोन, परात आणि मेथीची जुडी घेऊन गॅलरीत वॉशिंग मशीनला टेकून बसले. स्क्रीनवर एकेक चौकोन उघडत गेला, प्रत्येकीच्या पुढ्यात काहीतरी निवडायला होतंच. कल्याणपैकी एकीने गवार आणली होती. १६ एप्रिलला आम्ही रेल्वेचा वाढदिवस केला. १८५३ साली त्याच तारखेला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली होती. सगळ्यांनी आपापल्या घरी शिरा केला आणि आपापल्या घरीच खाल्ला.

असंच एकदा ऐन रंगात असताना नवरा बनियनवर टॉवेल वाळत घालायला गॅलरीत आला. स्क्रीनमधून एकदम ओरडा उठला, “ओ काका, लेडीज आहे, लेडीज!” अंबरनाथवालीने तर साखळी ओढायची धमकी दिली. तो टॉवेलसकट मागे फिरला. पुढे गॅलरीत यायच्या आधी दार वाजवायची सवय त्याला लागली, ती अजून टिकून आहे.

ग्रुपमधली दुसरी कल्याण मुंबईतल्या इस्पितळात नर्स. ती आमच्या या चौकोनांत क्वचितच असायची. लोकल बंद असताना बसने जायची. १५ जूनला अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी गाड्या सुरू झाल्या तेव्हा तिने डब्याचा फोटो पाठवला: विंडो रिकामी, चौथी सीट रिकामी, डोक्यावरचा पंखा एकटाच फिरतोय. खाली तिने लिहिलं होतं, ‘या बसायला.’ कितीजणींनी तो फोटो सेव्ह केला असेल! लोक हिमालयाचे फोटो लावतात, मी तो बरेच दिवस फोनच्या स्क्रीनवर लावला होता.

मग माझ्या ऑफिसनेही अधूनमधून बोलवायला सुरुवात केली. जायचं इंदिरा चौकात एसटीच्या रांगेतून. शीळफाट्याच्या कोंडीत उभ्या असलेल्या बसमध्ये माणसाला आयुष्याचा विचार करायला इतका वेळ मिळतो की नंतर विचार संपतात आणि डबा उघडावा लागतो. मी नाश्त्याचा डबा शीळफाट्याला खाल्ला, जेवणाचा दादरच्या अलीकडे.

२१ ऑक्टोबरला, ऐन नवरात्रात, महिलांना लोकल खुली झाली. वेळ: सकाळी अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. ऑफिस दहाचं. अकराला डोंबिवलीहून निघून चालेल अशी नोकरी कंपनीच्या मालकाच्या बायकोलाच मिळते. तरी दसऱ्याच्या आधी डब्यात आरती झालीच, असं अंबरनाथकडून कळलं. ती कुठेही न जाता नुसती गाडीत बसायला म्हणून गेली होती.

पुढचा पाडवा १३ एप्रिल २०२१ ला आला आणि दुसऱ्याच रात्री आठला पुन्हा निर्बंध. तेव्हा कुणी ताटं वाजवली नाहीत. ग्रुपवर शिऱ्याचे फोटो बंद झाले. बेड, ऑक्सिजन, इंजेक्शन, कुणाचा तरी मेहुणा, कुणाची तरी आई. नर्स रात्री-अपरात्री उत्तरं द्यायची. कोण कुठल्या आडनावाचं हे आम्हाला त्या दिवसांत कळलं, कारण इस्पितळाच्या फॉर्मवर स्टेशन चालत नाही. टिटवाळ्याच्या घरचं एक माणूस गेलं. आठ-नऊला तिचा चौकोन कित्येक दिवस बंद होता. आम्ही बाकीच्या येऊन बसत होतो, तिची जागा धरून.

लसीत सासूबाईंनी बाजी मारली. साठीच्या वरच्यांना १ मार्चपासून सुरुवात झाली, पंचेचाळिशीच्या वरच्या आम्हांला १ एप्रिलला. माझा दुसरा डोस यायच्या आत दोन डोसांमधलं अंतर वाढवून १२ ते १६ आठवडे केलं. तेव्हा वैताग आला होता. शेवटी दुसरा डोस जुलैत झाला, आणि ऑगस्टमध्ये जाहीर झालं की दोन डोस घेऊन १४ दिवस उलटलेल्यांना १५ ऑगस्टपासून लोकलचा पास मिळेल. सुटं तिकीट नाही, पासच. स्टेशनावर प्रमाणपत्र तपासायला पालिकेची माणसं बसली होती. त्या रांगेत मी इतक्या आनंदाने उभी होते की मागची बाई म्हणाली, “मॅडम, पुढे सरका, लग्नाला आलात का?”

त्याच आठवड्यात आठ-नऊ पकडली. पहिल्यासारखी गर्दी नव्हती. तरी सीट तिघींची आणि मी चौथी, तीही अर्धी. समोर कानातली विकणारी बाई आता साडीला मॅचिंग मास्क विकत होती. आणि फोन वाजला. नवऱ्याच्या कंपनीने त्याला घरीच ठेवलं होतं.

“अगं, सतरा नंबरात साबुदाणा निघाला. मोहरी कुठे आहे? तेल तापलंय.”

“काय? आवाज तुटतोय. बोगदा आलाय,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पारसिकचा बोगदा दिव्याच्या पुढे. आमच्या गाडीने अजून कोपरही ओलांडलं नव्हतं. शेजारची, कल्याणहून बसून आलेली, मास्कच्या आत हसली.

“माझा तर ठाकुर्लीलाच लागतो,” ती म्हणाली, आणि जरा सरकून बसली.