दोन शून्यांमधलं सुख

समुद्राचे आणि जमिनीचे नकाशे एकमेकांना जोडावेत, असा एक खटाटोप जगभर चालू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या भूस्थानिक समितीने २०१७ साली सागरी माहितीसाठी कार्यगट नेमला, मोनॅकोची आंतरराष्ट्रीय जलालेखन संघटना त्यात हिरिरीने उतरली, आणि अमेरिकेने तर दोन्हीकडच्या उंच्या एकमेकींत बदलून देणारी व्हीडेटम नावाची आज्ञावलीच करून ठेवली आहे. ठाणे-कल्याण-डोंबिवलीकरांनी हे वारं वेळीच वेशीवर अडवायला हवं. आपली बरीचशी भरभराट हे दोन नकाशे जुळत नाहीत म्हणूनच झाली आहे.

आपल्याकडची व्यवस्था किती प्रगल्भ आहे पाहा. जमीन मोजणारं सर्व्हे ऑफ इंडिया, स्थापना १७६७, मुक्काम डेहराडून. समुद्र मोजणारं नौदलाचं जलालेखन कार्यालय, मुक्काम तेही डेहराडूनच. भरतीचा थेंब पोचणार नाही अशा हिमालयाच्या पायथ्याशी बसून समुद्राकडे पाहिलं की दृष्टी निःपक्षपाती राहते. एका गावात राहूनही दोघांनी आपापलं शून्य वेगळं राखलं आहे. जमिनीची उंची सरासरी समुद्रसपाटीवरून, तर पाण्याची खोली अगदी तळच्या ओहोटीवरून. (कप्तानाला कमीत कमी पाणी किती, हेच कळायला हवं, त्याचं चुकत नाही.) मुंबईत या दोन शून्यांमध्ये सुमारे अडीच मीटरचं अंतर पडतं.

त्यामुळे जुलैत पेपरात ‘आज ४.८ मीटरची भरती’ असं छापून आलं, की डोंबिवलीचा सुजाण नागरिक आपल्या सोसायटीची समुद्रसपाटीपासूनची उंची आठवतो आणि गाडी गल्लीतून काढून पुलावर नेऊन लावतो. जमिनीच्या हिशेबाने ती भरती जेमतेम सव्वादोन मीटरच्या आसपास असते. पण हे त्याला सांगून पावसाळ्यातला थरार का घालवायचा?

खरी मौज खाडीच्या काठाला आहे. डोंबिवलीतल्या मोठागावच्या रेतीबंदरावर ओहोटीला उभं राहावं. गुडघाभर काळा चिखल, त्यातून वर आलेली तिवरांची टोकं, त्यांना अडकलेल्या दुधाच्या पिशव्या आणि निर्माल्याची प्लास्टिकची पुडकी. काही तासांनी सगळं पाण्याखाली. जमिनीच्या नकाशाला हे पाणी वाटतं आणि जहाजाला ही जमीन, म्हणजे दोघांनाही मोजण्याचं कारण नाही. अशा निष्पाप जागेवर रात्री राडारोड्याचा एखादा डंपर रिकामा झाला तर तो नेमका कुठे झाला, हे कोण सांगणार? आधी भराव, मग पत्रे, मग चाळ, मग विजेचा मीटर. मीटर लागला की ती जमीनच.

कायदाही मागे नाही. २०१९ च्या किनारा नियमनानुसार खाडीकाठी भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं अंतर राखायचं, यातलं जे कमी असेल ते. आणि समुद्राची हद्द कुठे संपते? ऐन कोरड्या हंगामात हजार भागांत पाच भाग मीठ उरेल तिथे. म्हणजे समुद्राचा शेवट मे महिन्यात चव घेऊन ठरतो. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांच्या सुटकेसाठी नौदलाचीही पथकं धावली. मिठाचं प्रमाण तेव्हा कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

तसं पाहिलं तर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं, आणि पुढे इथल्या काठावर दुर्गाडी किल्ला उभा राहिला, खाडीत जहाजबांधणी सुरू झाली. जमीन आणि पाणी तेव्हा एकाच नजरेने पाहिलं गेलं. ती चूक पुढच्यांनी सुधारली.

तरीही परदेशी तज्ज्ञांना पाहणीला यायचंच असेल, तर त्यांनी ओहोटी गाठावी. पेपरातली वेळ मुंबईची असते. तिथलं पाणी डोंबिवलीत किती उशिरा पोचतं, हे रेतीबंदरावरचा कोणीही होडीवाला सांगेल. बूट जुने घालून यावेत.