पॅरिस की प्राग?

महाड-पोलादपूरकडे काही घरांत हल्ली मेच्या सुट्टीआधी वाद रंगतो: पॅरिस की प्राग? शेंगेन व्हिसाचे दर बाबांना तोंडपाठ. मोठ्यांना 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या पोरांना 45. बारा पूर्ण झाली की बोटांचे ठसेही.

मुलांना ‘वर्ल्ड हेरिटेज’ दाखवायचंच, हा आईचा हट्ट.

आता युनेस्कोने जुलै 2025मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले त्याच यादीत घातले. त्यात महाडच्या उशाशी असलेला रायगडही आहे. रोपवे आहे, व्हिसा नाही. पण तिथे शाळेची सहल जाते, आणि सहलीच्या जागेचा फोटो स्टेटसला कोण लावतो? गांधारपाल्याची बौद्ध लेणी तर महामार्गावरूनच दिसतात. मुलं तेव्हा मागच्या सीटवर आयफेल टॉवरची उंची शोधत असतात.

330 मीटर. रायगडाचा माथा समुद्रसपाटीपासून 820 मीटरच्या आसपास.