डोंबिवली ते मरीन ड्राइव्ह, व्हाया सासुरवाडी

मूळ गाव वाईजवळचं, मुक्काम डोंबिवली, आणि सासुरवाडी गिरगावातली चाळ. असे हे गृहस्थ. २२ वर्षं रोज लोकलला लटकूनही स्वतःला पाहुणेच समजत. पाहुण्याची खूण म्हणजे तो सगळी नावं बरोबर घेतो. पाडव्याच्या संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत त्यांनी जाहीर केलं, "आज नेताजी सुभाषचंद्र बोस मार्गावर आतषबाजी बघायला जाऊ."

"तो कुठे आला?" जन्म गिरगावात गेलेल्या मेहुण्याने विचारलं.

"अरे, मरीन ड्राइव्ह म्हणतायत," बायकोने भाषांतर केलं.

समुद्राकाठचा हा साडेतीन-एक किलोमीटरचा कठडा मोठा न्यायी. त्यावर बसायला भाडं नाही, पागडी नाही. एरवी माणसं शहराकडे पाठ करून समुद्राकडे बघत बसतात. दिवाळीत मात्र माना गरगरा फिरतात. चौपाटीच्या वाळूतून रॉकेटं सुटतात, इमारतींच्या गच्च्यांवरून शॉट्स उडतात, आणि मागे फुटपाथवर कुणाचं तरी भुईचक्र थेट आपल्या चपलेकडे निघालेलं असतं.

सहावीतल्या भाच्याने शास्त्र सुरू केलं. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा. शिवाय उजेड आधी दिसतो आणि आवाज किलोमीटरमागे तीन सेकंद उशिरा येतो.

"म्हणजे रेल्वेसारखंच," गृहस्थ म्हणाले. "गाडी आधी येते, घोषणा मागाहून."

अख्खा कठडा हसला. बावीस वर्षांत त्यांच्या विनोदाला मुंबईत मिळालेली ही पहिली दाद. त्या भरात त्यांनी शेजारच्या अनोळखी कुटुंबाला सासूबाईंच्या चकल्या दिल्या, त्यांनी खारे दाणे दिले. एवढ्यात बाटलीतलं एक रॉकेट कलंडलं आणि आडवं सुटून कुल्फीवाल्याच्या डोक्यावरून गेलं. तो निर्विकारपणे म्हणाला, "मलई की पिस्ता?"

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० ची वेळ घालून दिली. ती पाळायला हवी. धुराने सासूबाईंचा खोकला तीन दिवस जात नाही. पण रॉकेट उडवणाऱ्यांचं घड्याळ बहुधा वाईचं असावं. दहा वाजून गेले तरी आकाश काही आवरेना.

परतताना चर्नी रोडच्या जिन्यावर बॅगा घेतलेलं एक जोडपं भेटलं. "काका, कल्याणला कसं जायचं?"

गृहस्थ थबकले नाहीत. "दादरला उतरा, पूल चढा. सेंट्रलच्या एक नंबरला स्लो मिळेल. आणि उतरताना दारात उभे राहू नका, लोक ढकलतात."

बायको बघतच राहिली. डिसेंबर २०२३ मध्ये दादरचे फलाट नव्याने मोजले गेले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७, मध्य रेल्वेचे ८ पासून पुढे. घोळ नको म्हणून ते नवे आकडे या गृहस्थांनीच तेव्हा वहीत उतरवून घेतले होते.

अर्ध्या तासाने दादरचा पूल उतरून सगळे त्या एक नंबरला पोचले. ते जोडपं तिथेच उभं होतं, वर बघत. पाटीवर ८ लिहिलेलं होतं.